बेअर लेकचं पान

"कात्री उलटी धरलीत, ब्रदर जेप्सन. नागमोडी बाजू बाहेर यायला हवी," वर्गाची शिक्षिका व्हर्लीन म्हणाली. तिकडे चर्चमधल्या माणसाला ब्रदर म्हणतात.

रुलॉन जेप्सनने कात्री फिरवून धरली आणि पुन्हा कापलं. या खेपेला फोटोतल्या त्याच्या स्वतःच्याच हनुवटीचा तुकडा टेबलावर पडला.

"बरंच झालं," शेजारची कोलीन म्हणाली. "दोन होत्या. एक पुरे."

टेबलाभोवतीच्या बायका हसल्या. रुलॉनही हसला. लोगन गावातल्या हस्तकलेच्या दुकानाच्या माडीवर दर गुरुवारी सकाळी अल्बम सजवायचा वर्ग भरायचा. त्यात पुरुष तो एकटाच. चाळीस वर्षं त्याने कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावल्या होत्या. कालव्याच्या दारांची लोखंडी चाकं फिरवून घट्टे पडलेली बोटं कागदापुढे मात्र गोंधळत होती. निगेटिव्ह सापडली होती, म्हणून त्याने प्रत्येक फोटोच्या आठ प्रती काढून आणल्या होत्या. ही पाचवी.

पहिल्या गुरुवारी त्याने पिशवीतून एकच पान काढून व्हर्लीनसमोर ठेवलं होतं. ते त्याच्या बायकोने, नेल्डाने केलेलं होतं. निळा कागद, बेअर लेक या तळ्यावरच्या सहलीचे तीन फोटो, कडेला तिच्या अक्षरात चार ओळी. आणि या सगळ्यावर पसरलेला चेरीच्या सरबताचा डाग.

"माझ्या हातून झालं," तो म्हणाला होता. "मला हे पान पुन्हा करायचंय. होतं तस्सं. पंधरा दिवसांत."

"एवढी घाई?"

"पंधरवड्यानंतरच्या शुक्रवारी मुलगी येणार आहे बॉइसीहून, नवं बाळ घेऊन. आल्या आल्या अल्बम निघतीलच."

"तुमच्या ट्रेमॉन्टनमध्येही असा वर्ग आहे ना?"

"तिथे सगळे नेल्डाला ओळखतात," रुलॉन म्हणाला.

व्हर्लीनने पुढे काही विचारलं नाही. तिने एक खुर्ची सरकवून दिली आणि साध्या कागदातल्या आम्लाने फोटो कसा पिवळा पडतो, तिथपासून त्याला शिकवायला सुरुवात केली.

दुसऱ्या गुरुवारी तिने त्याला समजावून पाहिलं. "हुबेहूब कशाला हवं? तुम्ही तुमच्या पद्धतीने करा. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. मुलीला तेच आवडेल."

"नको. जरासुद्धा फरक दिसता कामा नये."

"माझे मिस्टर गेले तेव्हा मी त्यांचं कपाट सहा महिने उघडलं नव्हतं. कळतं मला."

"हं," रुलॉन म्हणाला आणि फुटपट्टीने कडेचं अंतर मोजू लागला.

मग ओळींची पाळी आली. त्या उतरवायच्या तर आधी वाचायला हव्यात. त्याने चष्मा वर-खाली करत, डागातून अक्षरं शोधत मोठ्याने वाचलं: "बेअर लेक, ऑगस्ट १९७४. रुलॉन सगळ्यांना सांगतो की मासा हातभर होता. फोटोत तो वीतभर दिसतो. कारण तो वीतभरच होता."

तो थांबला. मग एवढा हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"हे तुम्ही आधी कधी वाचलंच नव्हतं?" कोलीनने विचारलं.

"नाही. तिचं पान झालं की ती मला दाखवायची. मी म्हणायचो, छान झालंय, आणि पुन्हा टीव्हीकडे वळायचो."

"पुरुषांची जातच मेली आंधळी!" कोलीन म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली. व्हर्लीनने तिला टेबलाखालून पाय मारला.

त्या आठवड्यात रुलॉनने नेल्डाचं अक्षर गिरवलं. तिचा डावीकडे कलणारा टी, शेवटी लांबवलेली रेघ. वहीची अकरा पानं भरली. एकेका अक्षराशी तो रेंगाळू लागला. बाकीचे अल्बमही त्याने एकेक करून काढून वाचले. पंचवीस वर्षं ती आपल्याकडे इतकं नीट बघत होती, हे त्याला आत्ता कळत होतं.

तिसऱ्या गुरुवारी पान पुरं झालं. जुनं आणि नवं शेजारी ठेवलं तर फरक एवढाच की एकावर डाग होता.

"अक्षरसुद्धा!" कोलीन पुटपुटली आणि रुमाल शोधू लागली.

निघताना व्हर्लीनने त्याच्या हातात झाकलेला ट्रे ठेवला. चीज घातलेले बटाटे, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा. त्या भागात मयत झालेल्या घरी शेजारपाजारचे नेतात तो पदार्थ. "तुम्ही लांबून येता, आम्हाला आधी सुचलंच नाही," ती म्हणाली. "घरी जेवणाचे हाल होत असतील."

रुलॉनने ट्रेकडे पाहिलं, मग एकेकीकडे. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचे कान लाल झाले.

"काही बोलू नका," व्हर्लीन हळूच म्हणाली. "पुढच्या गुरुवारी या मात्र. स्वतःसाठी."

"येईन," तो म्हणाला. आणि त्याला खरंच यायचं होतं.

शुक्रवारी दुपारी त्याने पान अल्बममध्ये सरकवलं, भिंग धरून तपासलं आणि अल्बम त्याच्या जागी उभा केला. तीन वाजता अंगणात गाडी थांबली. मुलगी टोपली घेऊन आत आली, टोपलीत तीन आठवड्यांचं बाळ झोपलेलं होतं. रुलॉन त्याच्यावर वाकला. त्याने बाळाची मूठ उलगडून आपलं बोट तिच्यात दिलं. सगळं जिथल्या तिथे होतं.

स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडलं. मग ट्रेवरचं झाकण काढल्याचा आवाज आला.

"रुलॉन!" नेल्डाने आतून हाक मारली. "मुलीचं बाळंतपण आटपून बॉइसीहून येते, तर हे बटाटे कसले? अरे, कोण वारलं?"