नावाआधीचा रकाना

“हे ‘कु.’ कुठून आलं?” दत्तराव आबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं.

“मी टाकलं,” नीलम म्हणाली. “नावाआधी निवडायची यादी हाय ना आबा, त्यात. एक ‘चि.’ आन एक ‘कु.’”

“अध्यक्षांना विचारलं?”

“न्हाई.”

“चारला येनार हायत फॉर्म बघायला. काढा म्हणतील.”

“म्हणू द्या. काढायचं असंल तर दुसरा माणूस बघा. मी हात लावणार न्हाई.”

सकाळी गाडीवरून सोडताना तिच्या नवऱ्यानं, आदिनाथनं, बजावलं होतं, तोंड सांभाळून बोल. पण कीर्तनात महाराज एकच चरण धरून तासभर उभे राहतात, तशी ती त्या एका रकान्याला धरून बसली होती.

देवगाव फाट्याजवळच्या या कीर्तन पाठशाळेचे अर्ज आजवर छापील असायचे. यंदा ते संगणकावर घ्यायचं ठरलं. सेलूत संगणकाचा क्लास चालवणाऱ्या नीलमला आबांनीच निरोप धाडला. आबा तीस वर्षं इथले सचिव. तिला वाटलं, यांनी आपल्याला ओळखलेलं दिसत नाही. बरंच झालं.

त्या छापील अर्जावर नावाआधी ‘चि.’ आधीच छापलेलं असायचं. बारा वर्षांपूर्वी, सतराव्या वर्षी, नीलमनं त्या ‘चि.’वर निळ्या शाईनं काट मारली होती आणि वर ठसठशीत ‘कु.’ लिहिलं होतं. याच टेबलामागं हेच आबा बसले होते. अर्ज वाचून त्यांनी एवढंच म्हटलं, “ठेवून जा.” उत्तर आलंच नाही. तो कागद बंबात गेला असंल, असं तिनं धरून चाललं होतं.

गाणं मात्र बंबात गेलं नाही. गेल्या सालच्या सप्ताहात महाराजांची गाडी वाटेत बंद पडली, तेव्हा बायकांनी तिलाच ढकलून उभं केलं. अर्धा तास तिनं चाल धरली, टाळकरी डोलायला लागले, पखवाजवाला हसायला लागला. पुढच्या रांगेतले दत्तराव आबा तेवढे मधूनच उठून निघून गेले. ते तिनं बघितलं होतं आणि मनात ठेवलं होतं.

“बरं, राहू दे तुझं ‘कु.’,” आबा म्हणाले. ती चमकली. “पन मग यादीबाहेरचंबी लिहिता यायला पाहिजे. तशी मुभा ठेव.”

“यादी असताना बाहेरचं कशाला?”

“ठेव म्हणलं ना, मॅडम.”

आली मेख, तिला वाटलं. उद्या हे तिथं काहीबाही लिहितील आणि ‘कु.’ नुसतं शोभेला राहील. तरी तिनं ती अट सैल केली. यादी तर तिच्याच हातची होती.

“आता वय,” ती म्हणाली. “चौदा ते वीस. त्याच्याबाहेरचं टाकलं तर फॉर्म पुढं सरकत न्हाई.”

“वीस काढून टाक.”

“मग पन्नाशीचा गडीबी येईल की, आबा!”

“येऊ दे. देवाच्या दारी वयाचा दाखला कशाला?”

आबांचा पुतण्या हरिओम पस्तिशीचा होता. सकाळपासून तीनदा डोकावून गेला होता. कामधंदा नाही, गळा असा की टाळांनीही लाजावं. नीलमनं ओठ आवळले.

“हरिओमभाऊंना बसवायचं हाय का पाठशाळेत?”

“आपलं मानूस बसवायचंच आसतं,” आबा शांतपणे म्हणाले. “लय दिवसाचं राहिलंय. पुढं चल. अर्ज नाकारायचा आसंल तर कसं?”

“इथं कारण लिहायचं.”

“लिहायचं न्हाई, निवडायचं. दोनच कारणं ठेव. कागद आपुरे आन वय कमी. इथं मातर यादीबाहेरचं एक आक्षर चालू द्यायचं न्हाई. आन कारण दिल्याबिगर नकार जतन होऊ नये.”

हरिओमला नाकारायला वाटच ठेवत नाहीत, तिनं मनाशी म्हटलं. पण मग उद्या येणाऱ्या पोरींनाही नाकारायला वाट उरणार नव्हती. ती कळा दाबत राहिली.

“आन एकदा जतन झालं की कुलूप,” आबा म्हणाले. “अध्यक्षांनाबी खोडता येऊ नये.”

“चुकलं तर?”

“चुकनार न्हाई. एकदा चुकलोय, तेवढं बास.”

तिनं कुलूप घातलं. मग खुर्ची वळवून त्यांच्याकडं नीट बघितलं.

“आबा, एक सांगते. तुमचं माणूस खुशाल बसवा. पण जी पोरगी येईल, तिचं ‘कु.’ या फॉर्ममधून कुणी काढलं, तर मी पाठशाळेच्या दारात उभी राहून कीर्तन करीन. रोज करीन. बघा मग.”

“करशील,” आबा म्हणाले. “ऐकलंय मी.”

घड्याळात पावणेचार झाले होते. आबांनी तिला उठायची खूण केली.

“सरक. अध्यक्ष यायच्या आत पहिला आर्ज जायला पाहिजे. मी भरतो.”

ती उठून बाजूला उभी राहिली. आबांनी रिकामा फॉर्म उघडला. नावाआधीच्या रकान्यात ‘चि.’वर थांबले नाहीत, ‘कु.’वरही थांबले नाहीत. एका बोटानं एकेक कळ शोधत त्यांनी यादीत नसलेलं लिहिलं: सौ.

मग जाकिटाच्या आतल्या खिशातून घड्या घालून घालून विरलेला कागद काढला, टेबलावर तळहातानं सपाट केला आणि त्यात बघून पुढचं नाव लिहायला घेतलं. कागदावर छापलेल्या ‘चि.’वर निळ्या शाईची काट होती.