जलीलच्या मागं

“विरू, बघत काय ऱ्हायलास? धर त्याला!” माणिकप्पा ओरडला.

माणिकप्पा विरुपाक्षाचा सख्खा चुलता. त्याच्या मागं तीस-चाळीस माणसं, हातात कुऱ्हाडी नि काठ्या. निजाम शरण येऊन आठवडा झाला होता. जलीलचा मामा रझाकार. त्यानं गावातली घरं जाळली आणि केव्हाच पोबारा केला. मग राग काढायला भाचा सापडला. त्या पोरानं जन्मात कुणाला अरे म्हटलं नव्हतं. पण असल्या वेळी विचारतंय कोण!

सकाळपासून जलील पळत होता. त्याला धरणं खायचं काम नव्हतं. हैदराबादच्या कॉलेजात पाच मैलांची शर्यत दरसाल त्याचीच, आणि फुटबॉलचा कप्तानही तोच. दोन्हींत त्याच्या जवळपास जाणारा गडी एकच, त्याच टीममधला विरुपाक्ष.

“व्हय काका,” म्हणून विरुपाक्ष सुटला.

चुलत्याला वाटलं, पोरगं ऐकतंय. पोराच्या मनात निराळंच होतं. जलील येरमाळ्याच्या सडकेकडं निघाला होता. सडकेवर फौजेची गाडी भेटेल, जीव वाचेल, असं त्याला वाटत असणार. पण माणिकप्पानं तिथं आधीच माणसं दबा धरून बसवली होती. जलीलला गाठायचं आणि ओढ्याच्या वाटेला लावायचं, एवढंच विरुपाक्षाला करायचं होतं. हाक मारावी तर मागचे ऐकतील. तो मुकाट पळत राहिला.

बाजरीच्या रानात चिखल पाय धरत होता. घोळका बराच मागं पडला. एवढ्यात जलीलनं वळून पाहिलं. पाहिलं, थांबला आणि मटकन बांधावर बसला.

“या अल्ला, विरू! तू हायस व्हय!” तो हसत होता, डोळे भरले होते. “तू दिसलास आन् वाटलं, वाचलो.”

“ऊठ! सडकेला जाऊ नको, ओढ्यानं पळ!”

जलील उठायला गेला आणि कोसळला. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. एकदा बसलेले पाय आता काही केल्या उभे राहीनात. विरुपाक्षानं ते चोळले, रडत चोळले. मग त्याला पाठीवर घेऊन चार पावलं टाकली नि दोघंही चिखलात पडले.

घोळका आला. विरुपाक्षाला चौघांनी बाजूला ओढलं.

सगळं उरकल्यावर माणिकप्पानं पुतण्याच्या पाठीवर थाप मारली.

“शाब्बास रे पोरा! तू नसतास तर त्यो थांबलाच नसता.”