खंडेनवमीचा दिवा

“काकू, तिथंच थांबा! पाय उचलू नका!” आकांक्षा ओरडली आणि दोन्ही हात पसरून सॉल्व्हंट प्लँटच्या दारात उभी राहिली.

समोर दुर्गाबाई. हातात आरतीचं ताट, ताटात तुपाचा दिवा, आणि दिवा चांगला ठसक्यात पेटलेला. मागे त्यांचे यजमान भगवंतराव, म्हणजे या तेल रिफायनरीचे मालक, नव्या कोऱ्या सदऱ्यात. त्यांच्या मागे नारळ घेतलेले महाराज. आज खंडेनवमी. तेलघाणीच्या काळापासून भगवंतराव या दिवशी यंत्राची पूजा करत आले होते आणि औंदा तर नवा प्लँट बसला होता. त्यात सरकीच्या ढेपेतलं उरलंसुरलं तेल काढायला हेक्झेन वापरतात. हेक्झेन म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ, आणि स्वभावानं त्याच्याहून तापट. सकाळीच एका पंपातून ते गळलं होतं. पंप बंद केला, पण वास काही जात नव्हता.

“श्याम!” आकांक्षानं गेटवरच्या वॉचमनला हाक मारली. “हा दिवा आत आलाच कसा?”

“मॅडम, बोर्डावर लिवलं हाये, माचिस आत नेऊ नये. मालकायनं माचिस जमा केली न गेटवर,” श्याम छाती फुगवून म्हणाला. “दिवा लावून झाल्यावर.”

आता याला शाबासकी द्यावी की थोबाडीत, हेच तिला कळेना. सेफ्टी ऑफिसरच्या अभ्यासात असला प्रश्न कुठंच नव्हता.

“काकू, तो दिवा आधी विझवा.”

“काय म्हणतं?” दुर्गाबाईंनी ज्योतीला हाताचा आडोसा केला. “पूजेचा दिवा विझवते काय कोणी? तेबी सणाच्या दिवशी? तू फुंकून तं पाय!”

भगवंतराव पुढे झाले. “चाळीस वर्सं घाणीसमोर दिवा लावला म्या. काई झालं नाही.”

“घाणीत हेक्झेन नव्हतं, मालक.”

“देवाच्या दिव्यानं आग लागत नसते.”

“हेक्झेनले थोडंच समजते, दिवा कोणाचा हाये ते?”

भगवंतरावांची कानशिलं तापली. “मुहूर्त टळून राहिला. सरक बाजूले. नाही तं उद्यापासून येऊ नको. काढलं तुले!”

आकांक्षाला नोकरी लागली तेव्हा आईनं अख्ख्या वलगावात पेढे वाटले होते. आता कोणत्या तोंडानं सांगायचं? पण ती दारातून हलली नाही.

“उद्याचं उद्या पाहू. आज ड्युटी माही हाये. मी दार सोडत नाही. पण तुमी ऐकत नसान तं आधी बाकीच्यायले बाहेर जाऊ द्या. महाराज, तुमी पयले रस्त्यावर व्हा. इथं भडका उडाला तं आवारात कोणी उरत नाही.”

महाराजांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. नारळ काखोटीला मारून, धोतराचा सोगा सावरत ते गेटकडे असे सुटले की श्यामलाही पळावंसं वाटलं, आणि तो पळालाही. त्यांना पाहून आतले कामगार निघाले. दुर्गाबाईंनी ताट नवऱ्याच्या हातात दिलं. “तुमी व्हा पुढं. मी महाराजायले घेऊन येते,” म्हणाल्या, आणि गेल्या त्या गेल्याच.

उरले मालक, दिवा आणि आकांक्षा. वाऱ्याची झुळूक आली. भगवंतरावांनी नाक फेंदारलं.

“हा वास...?”

“हाव. त्याचाच.”

बाप रे! भगवंतरावांनी दोन्ही हातांनी ताट छातीशी धरलं आणि ते मागे सरकू लागले. पूजेला निघालेल्या माणसानं पाठ कशी फिरवायची? तोंड मशीनकडे ठेवून, एकेक पाऊल उलटं टाकत, सारं आवार ओलांडून ते थेट मूर्तिजापूर रोडवर पोचले. आरती तिथंच झाली, भर रस्त्यात. एसटी थांबली. ड्रायव्हरनं हात जोडले, कंडक्टरनं प्रसाद मागून घेतला. महाराजांना तर भलताच कंठ फुटला होता.

“इथून पोचते काय हो मशीनले?” दुर्गाबाईंनी महाराजांना विचारलं.

“पोचते न, बाई. आखीन थोडं मागं सरलं तरी पोचते.”

भगवंतरावांनी ताट खाली ठेवलं, घाम पुसला आणि श्यामला जवळ बोलावलं. “आयक. पुढच्या वर्षी माह्या हातात दिवा दिसला तं मलेबी आत सोडू नको.”

श्याम घाबरला. “आन तुमी मले कामावून काढलं तं?”

भगवंतरावांनी वळून पाहिलं. त्यांच्या मागोमाग आलेली आकांक्षा आता उघड्या गेटात हात पसरून उभी होती.

“तिले काढलं न म्या मघाशी,” ते म्हणाले. “गेली काय?”