मोटर चालू झाली आहे

दोन वर्षांपूर्वी विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसवला आणि ग्यानोबांचं शेतात जाणं सुटलं. शेत राहिलं मुरुडजवळ, ते स्वतः लेकाच्या लातुरातल्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. सकाळी लाईट आली की स्टार्टरला फोन लावायचा. पलीकडून बाईचा आवाज सांगायचा, "मोटर चालू झाली आहे." ठिबकनं पाणी आपोआप पिकाला जायचं. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारी तेवढीच.

आज बाई बोलून झाली, तरी फोन तुटला नाही. मागून खोऱ्याचा आवाज येत होता. खस्स, खस्स. कुणीतरी माती ओढून पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवत होतं. ठिबक आल्यापासून त्या शेतात सऱ्याच राहिल्या नव्हत्या.

ग्यानोबांना भीती वाटली नाही. हल्ली त्यांना काहीच वाटत नसे. त्यांनी शेजारच्या शेतातल्या व्यंकटला फोन लावला.

"व्यंकट, माझ्या रानात कोण हाय रे?"

"चेष्टा करायलात का मामा? तुम्हीच की. दोन वर्सं झाली, रोज पाणी द्यायलात. लई हाका मारल्या, पण तुम्ही मान वर करत न्हाई."

"मी लातुरात हाय."

 व्यंकटच्याही फोनमधून खोऱ्याचा आवाज येत होता. मग खोरं थांबलं.

"मामा," व्यंकट हळूच म्हणाला, "तुम्ही बांधाकडं यायलात. हात पुढं केलाय. फोन मागायलात. देऊ का?"