एका मापाखालचे

सरांच्या खोलीचं दार उघडंच होतं, तरी ती दारातच घुटमळली. आत सर उद्याच्या बैठकीतलं भाषण पुटपुटत होते. प्रयोगशाळेत सगळे तिला आकडेबाई म्हणत. नाव सरांनीच पाडलेलं.

"ये ना. चेहरा का असा?"

"सर, आपली घट खोटी आहे."

सरांनी हातातला कागद खाली ठेवला.

देशोदेशीच्या जहाजांनी समुद्रातून गाळून काढलेल्या प्लवकांच्या लाखो नोंदी तिने एकत्र जुळवल्या होत्या. पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे हे जीव अलीकडे निम्म्याहून कमी झालेले दिसत होते. माशांची पिल्लं जगतात ती त्यांच्यावरच. उद्या सर हे मांडणार होते, आणि मग मासेमारी थांबवून किनाऱ्यावरच्या होड्या बांधून ठेवायचं ठरणार होतं.

"एका मापाखालचे तेवढे गायब आहेत," ती म्हणाली. "त्याहून मोठे जसेच्या तसे. उपासमार काही फूटपट्टी लावून मारत नाही, सर. म्हणून जहाजवाल्यांना विचारलं. बऱ्याच जणांनी जाळी बदललीत. बारीक जाळं शेवाळाने तुंबायचं, म्हणून मोठ्या भोकांचं घेतलं. ज्यांनी जुनंच ठेवलं, त्यांच्या नोंदी मी वेगळ्या काढून पाहिल्या. घट आहे, पण अगदी थोडी."

"म्हणजे ते आहेत?"

"आहेत. जाळ्यातून निसटत होते."

निवृत्तीआधीचं सरांचं हे शेवटचं मोठं काम. त्यांनी चष्मा काढून डोळ्यांवर हात धरला, तशी ती एक पाऊल पुढे झाली. मग तिला दिसलं, त्यांचे खांदे हलत होते. सर हसत होते.

"घरी बायको म्हणते, कुणीतरी आजारी असल्यासारखे वावरता," ते म्हणाले. "तिला काय सांगणार, अख्खा समुद्र आजारी आहे म्हणून?"

त्यांनी बैठक घेणाऱ्यांना फोन लावला. "अहवाल मागे घेतोय. हो, चूक आमचीच... लोक हसले तर हसू देत की. होड्या जाऊ देत म्हणजे झालं."

फोन ठेवून ते उठले. "बारीक जाळं आहे का गं आपल्याकडे?"

माळ्यावर एक सापडलं. दोघं धक्क्यावर गेले. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पायरीवर बसून जाळं पाण्यातून ओढलं. ती मागून त्यांचा शर्ट धरून उभी होती.

परत आल्यावर तिने काचेवर एक थेंब ठेवला. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कितीतरी वर्षं दोघांनी आलेखच पाहिले होते.

"सर, मला बघू द्या ना."

"थांब जरा," सर म्हणाले, आणि डोळा काही काढला नाही.