नकाराचा दुसरा दिवस

"जागा नाही. ऊठ, दुसरा मठ बघ!" द्वारपाल भिक्षू खेकसला आणि तेइझोला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सगळं कसं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. झेन मठात शिरायचं म्हणजे आधी दोन दिवस उंबऱ्यापाशी, बोचक्यावर डोकं टेकून, वाकून बसायचं. आतले लोक हाकलतात, नाही नाही ते बोलतात. आपण ढिम्म हलायचं नाही. हलला तो संपला. तेइझोने त्यावरची सात पुस्तकं वाचली होती.

बासष्टाव्या वर्षी कमरेचा काटा ढिला झाला होता, ही गोष्ट वेगळी. पण थोरला भाऊ बसल्या बसल्या गेला, तेव्हापासून त्याने मरणाची धास्ती घेतली होती. काळ म्हणजे काय, मरण म्हणजे काय, हे कळल्याशिवाय आता चैन पडायची नाही, असं त्याने बायकोला सांगितलं. फुसाए हसून हसून बेजार झाली.

"अडतीस वर्षं रेल्वेची वेळापत्रकं केलीत, अन् काळ म्हणजे काय ते आता विचारताय होय?" मग तिनेच त्याचं बोचकं बांधून दिलं. "जा एकदाचे. नाहीतर मरेपर्यंत माझं डोकं खाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला भिक्षू पुन्हा आला. आज ओरडला नाही. "शहरातल्या इस्पितळातून फोन आलाय. तुमच्या बायकोला हृदयविकाराचा झटका आलाय. निघा."

वा रे पठ्ठे! तेइझो खूश झाला. हे तर सातांपैकी एकाही पुस्तकात नव्हतं. म्हणजे आता खरी परीक्षा सुरू झाली. "कृपा करून मला आत घ्यावं," बोचक्यात तोंड खुपसून त्याने ठरलेलं वाक्य म्हटलं.

"अहो बाबा, खरंच फोन आलाय!" भिक्षूने त्याला गदागदा हलवलं. मग दंडाला धरून सरळ दाराबाहेर काढलं. आता, बाहेर काढलेल्याने परत येऊन बसायचं असतं. तेइझो परत येऊन बसला. भिक्षू कपाळावर हात मारत आत गेला, आणि तेइझोला स्वतःचं मोठं कौतुक वाटलं. बायकोचं नाव काढलं तरी आपण हललो नाही! अजून काय पाहिजे?

साडेअकराला पुन्हा पावलं वाजली. पण हाका नाहीत, धक्काबुक्की नाही. तेइझोने हळूच एक डोळा उघडला. तो धिप्पाड भिक्षू समोर गुडघे टेकून बसला होता आणि त्याचं तुळतुळीत डोकं जमिनीला लागलं होतं.

"तुमच्या पाया पडतो," तो म्हणाला. "एक वाजता तिचं ऑपरेशन आहे. सारखी तुमचीच वाट बघतेय. जा हो."

दारात पडलेल्या माणसापुढे मठातलं कोणी डोकं टेकत नाही. कधीच नाही. फोन खरा होता, हे तेइझोच्या ध्यानात आलं. तो उठला. बधिर झालेल्या पायांवर कोसळला. पुन्हा उठला आणि बोचकं, चपला सगळं तिथेच टाकून पळत सुटला. टॅक्सीत तासभर तो फक्त एकच हिशेब करत होता. दहा ते साडेअकरा. दीड तास. दीड तास आपण तिथे मजेत बसलो होतो.

तो पोचला तेव्हा फुसाएला स्ट्रेचरवरून ऑपरेशनला नेत होते. चेहरा पांढराफटक, ओठ निळे. त्याने तिचा हात घट्ट धरला आणि त्याला रडूच फुटलं.

"अनवाणी आलात?" ती पुटपुटली. "वेडे कुठले! कधी कळलं तुम्हाला?"

अडतीस वर्षांत तेइझोने एका मिनिटाचीही थाप मारली नव्हती.

"आत्ता," तो म्हणाला. "आत्ताच कळलं गं."

फुसाएचा चेहरा खुलला. तिने मान वळवून नर्सकडे पाहिलं.

"बघा, म्हटलं नव्हतं मी? मघापासून उगाच त्यांना बोल लावत होतात. कळलं असतं तर हे तिथे एक मिनिटसुद्धा बसले नसते."