उतरलेलं विमान

आलापल्लीच्या शफीभाऊ टेलरचा लेक, जाहिद, दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणाचं विमान उतरवताना गेला. तेव्हापासून शफीभाऊ रोज दुपारी शिलाई थांबवून त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसत आणि विमान उडवायच्या खेळात एकच उड्डाण करत, जाहिदचं शेवटचं. तीच धावपट्टी, तोच आडवा वारा. कॉम्प्युटर पार थकलेला. जमीन जवळ आली की चित्र अटकत अटकत चालायचं आणि विमान पडायचं. रोज.

"चौकशीवाल्यायनं माह्या पोराची चूक लिहिली," ते येणाऱ्या गिऱ्हाइकाला बोलावून दाखवत. "पाहा तुमीच. हे कोणालेच उतरवता आलं नसतं."

शेजारी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दीपिकाला हे बघवेना. एक दिवस तिने त्यात फ्रेम जनरेशन चालू करून दिलं. "दोन खऱ्या चित्रांच्या मधात कॉम्प्युटर आता आपल्या मनानं एक चित्र भरते, शफीभाऊ. अटकणार नाई."

दुसऱ्या दिवशी ते तिच्या दुकानात आले. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती.

"बेटी, ते काढून टाक. पयल्यासारखं अटकू दे."

"काऊन, भाऊ? अजूनबी पडतेच का विमान?"

"नाई. काल पयल्याच खेपेत अलगद उतरलं."

ते टेप बोटाला गुंडाळू लागले.



"म्हणजे ते उतरवता येत होतं, बेटी."